स्वतंत्र धंदा : पण कशासाठी?

रात्रीची जेवणे उरकली आहेत. ताटे अजून उचलायची आहेत. अशा वेळी चार-पाच वर्षे नोकरीत स्थिरावलेला मुलगा, किंवा मुलगी, सांगून टाकते, "बाबा, मी नोकरी सोडून स्वतःचा धंदा काढायचे ठरवले आहे." क्षणभर कोणीच बोलत नाही. वडिलांना घराच्या कर्जाचे हप्ते आठवतात, आईला जुळत आलेले लग्न आठवते, आणि आजोबांना गावातील त्या गृहस्थाची आठवण होते, ज्याचे दुकान बुडाले आणि त्याच्या पाठोपाठ राहते घरही गेले. मग कोणीतरी पहिला प्रश्न विचारते, "पण भांडवल कोठून आणणार?"

वाचकहो, हा प्रसंग आज इंदूर, बडोदे, हैदराबाद, नागपूर, पुणे अशा कोणत्याही शहरातील कोणत्याही घरात घडू शकेल. कदाचित आपल्याच घरी घडलाही असेल. भांडवलाचा प्रश्न रास्तच आहे. परंतु आमच्या मते तो दुसरा प्रश्न होय. पहिला प्रश्न निराळा आहे, आणि घाईगर्दीत तोच विचारावयाचा राहून जातो. तो प्रश्न असा : "धंदा काढायचा, पण कशासाठी?"

"उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी" ही म्हण आपल्या आजोबा-पणजोबांच्या तोंडी होती. पुढे काळ असा पालटला, की सुशिक्षित कुटुंबांनी हा क्रम नेमका उलटा करून टाकला. महिन्याच्या ठराविक तारखेला येणारा पगार आणि म्हातारपणी मिळणारे निवृत्तिवेतन यांच्यापुढे शेती व व्यापार दोन्ही फिकी ठरली. हा बदल मूर्खपणाचा होता असे मुळीच नव्हे. ज्या घराला पिढ्यान्‌पिढ्या स्थैर्य ठाऊक नव्हते, त्याला नोकरीने ते दिले. म्हणूनच असे स्थैर्य सोडून कोणी बाहेर पडतो, तेव्हा त्याला बाहेर पडावयास लावणारी प्रेरणा कोणती, हे पाहणे अगत्याचे आहे. पैसा ही त्यातील एक प्रेरणा खरी. पण आपल्या देशातील उद्योगांचा इतिहास चाळला तर असे दिसते, की ती एकटी क्वचितच असते, आणि पुष्कळदा ती पहिलीही नसते.

दुखावलेला स्वाभिमान

महाराष्ट्रातील वाचकांच्या परिचयाच्या उदाहरणापासून आरंभ करू. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ सालचा. त्यांना चित्रकार व्हावयाचे होते, म्हणून ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. परंतु काही रंगांतील फरक त्यांच्या डोळ्यांना नीट कळत नाही असे तेथे ध्यानात आले, आणि रंगांची वाट बंद झाली. त्यांनी मग यंत्रांची रेखने काढण्याची विद्या आत्मसात केली आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशिक्षण संस्थेत ते शिक्षक झाले. काम त्यांच्या आवडीचे होते व हातही चांगला चालत होता. परंतु बढतीची वेळ आली, तेव्हा त्यांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थास देण्यात आली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावास आपल्या थोरल्या बंधूंकडे, रामूअण्णांकडे गेले. तेथे किर्लोस्कर बंधूंचे सायकलींचे दुकान होते.

येथवरची हकीकत पुष्कळांना ठाऊक असते, आणि ती सांगून लोक थांबतात : अपमान झाला, नोकरी सोडली, कारखानदार झाले! परंतु खरी गोष्ट याच्या पुढे आहे. सायकलींच्या दुकानानंतर लक्ष्मणरावांनी कडबा कापण्याचे यंत्र केले आणि त्यानंतर लोखंडी नांगर. नांगर चांगला होता. पण तो घेण्यास शेतकरी पुढे येईना. लोखंडाने जमीन नासते, अशी समजूत त्या काळी शेतकऱ्यांत होती. पहिले नांगर खपावयास तब्बल दोन वर्षे लागली.

त्या दोन वर्षांचा विचार करा. मुंबईतील अपमानाची आठवण त्यांना बेळगावपर्यंत घेऊन आली असेल. पण न खपलेल्या नांगरांच्या ढिगासमोर ती आठवण काय कामाची? तेथे उपयोगी पडली ती दुसरीच वस्तू : शेतकऱ्याच्या अडचणीविषयीची आस्था, आणि लाकडी नांगरापेक्षा हा नांगर त्याचे काम अधिक चांगले करील हा स्वतः पारखून घेतलेला विश्वास. पुढे बेळगावातील जागाही सोडावी लागली. तेव्हा औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी साहाय्य देऊ केले, आणि १९१० साली कुंडल रोड स्थानकाजवळच्या निवडुंगाने भरलेल्या ओसाड माळावर किर्लोस्करवाडी उभी राहू लागली. स्वाभिमानाने घराबाहेर काढले. परंतु माळावर टिकवून धरले ते कामाने.

स्वाभिमानाची ही प्रेरणा एकट्या व्यक्तीचीच असते असेही नाही. २००५ साली पुण्यात दलित उद्योजकांचे वाणिज्य मंडळ स्थापन झाले. त्याचे संस्थापक मिलिंद कांबळे यांना २०१३ साली पद्मश्री मिळाली. नोकरी मागणारे न राहता नोकरी देणारे व्हावे, हा या मंडळाचा आग्रह. ज्या समाजाला शतकानुशतके बाजारपेठेच्या उंबरठ्याबाहेर ठेवले गेले, त्यातील तरुण जेव्हा स्वतःच्या नावाची पाटी लावतो, तेव्हा त्या पाटीचे मोल नफ्या-तोट्याच्या हिशेबात पुरते मावत नाही.

दुसऱ्यांच्या भाकरीची चिंता

आता बंगालकडे वळू. कारण नोकरीत अपमान वाट्याला न येता, केवळ इतरांच्या विवंचनेने धंदा काढणारा मनुष्य आपल्याला तेथे भेटतो, आणि तोही प्राध्यापक!

आचार्य प्रफुल्लचंद्र राय हे एडिंबरा विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन १८८८ साली स्वदेशी परतले आणि पुढल्या वर्षी कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात रसायनशास्त्राचे अध्यापक झाले. पगार दरमहा २५० रुपये. एकट्या, साध्या राहणीच्या माणसाला तो पुरेसा होता. परंतु आपल्या वर्गातून दरवर्षी बाहेर पडणारे तरुण त्यांना अस्वस्थ करीत. हे पदवीधर सरकारी कचेऱ्यांतील कारकुनीच्या मोजक्या जागांमागे धावत, आणि ती न मिळाल्यास हताश होऊन बसत. दुसरीकडे देशातला कच्चा माल परदेशी जाई आणि त्याचीच औषधे होऊन दामदुपटीने परत येत.

१८९२ साली राय यांनी अपर सर्क्युलर रोडवरील आपल्या भाड्याच्या घरात ७०० रुपये भांडवलावर औषधे व रसायने तयार करण्यास आरंभ केला. हाडांपासून फॉस्फेट तयार करावयाचे म्हणून त्यांनी खाटकांकडून हाडे आणवून गच्चीवर वाळत घातली, तेव्हा दुर्गंधीने शेजारी हैराण झाले व तक्रारी सुरू झाल्या. लिंबांपासून आम्ल काढण्याचा एक प्रयत्न केला, तो परवडेना, तेव्हा सोडून द्यावा लागला. औषधे तयार झाली तरी औषधविक्रेते ती ठेवून घेण्यास राजी नव्हते. परदेशी चिठ्ठी लावलेल्या बाटलीवरच गिऱ्हाइकाचा भरवसा! तेव्हा डॉ. अमूल्यचरण बसू हे स्नेही मदतीला आले. अडुळसा, ओवा, कुडा ही घरगुती औषधे आधुनिक पद्धतीने तयार करून त्यांनी आपल्या व्यवसायबंधूंच्या गळी उतरवली. दिवसा कॉलेजात शिकवावे आणि उरलेल्या वेळात कारखाना पाहावा, असा राय यांचा क्रम होता. १९०१ साली या घरगुती कारखान्याची मर्यादित कंपनी झाली, तीच बंगाल केमिकल. पुढे १९८० साली तिचे राष्ट्रीयीकरण झाले.

राय यांच्या उदाहरणात एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. देशसेवेच्या प्रेरणेने त्यांनी धंदा काढला, म्हणून हिशेबाकडे दुर्लक्ष केले नाही. लिंबाचे आम्ल परवडत नाही असे दिसताच ते त्यांनी सोडले. सद्हेतू हा तोट्यातील मालावरचा उतारा नव्हे, हे त्यांना ठाऊक होते. आपल्याकडे परोपकाराच्या बुद्धीने सुरू झालेले कितीतरी उद्योग नेमक्या या एका गोष्टीच्या विस्मरणाने बंद पडतात.

घराबाहेर न पडता येणाऱ्या स्त्रिया

तिसरे उदाहरण आपल्या गृहिणी-वाचकांच्या विशेष जिव्हाळ्याचे. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईच्या गिरगावातील एका जुन्या इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती भगिनी पापड लाटावयास बसल्या. शिक्षण बेताचे, घरची जबाबदारी डोक्यावर, नोकरीसाठी बाहेर जाणे शक्य नाही, आणि संसाराला चार पैशांची जोड तर हवी. हाती एकच कला, स्वयंपाकाची. छगनलाल करमसी पारेख या समाजसेवकांकडून त्यांनी ८० रुपये उसने घेतले. त्या दिवशी पापडांची चार पाकिटे तयार झाली, आणि ती भुलेश्वरातील एका व्यापाऱ्याला विकण्यात आली.

आरंभीच त्यांनी एक निर्धार केला. धंदा तोट्यात गेला तरी बेहत्तर, पण कोणापुढे देणगीसाठी हात पसरावयाचा नाही. पहिल्याच वर्षी पावसाळ्याने त्यांची परीक्षा पाहिली. ऊन नाही, पापड वाळत नाहीत, म्हणून चार महिने काम थांबले. पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट व एक शेगडी विकत घेतली. खाटेवर पापड पसरावे आणि खाली शेगडी ठेवावी. पावसावर मात झाली! पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपयांची होती. १९६६ साली संस्थेची रीतसर नोंदणी झाली, आणि 'लिज्जत' हे नाव पुढे देशभर पोचले. आज तिच्या सभासद भगिनींची संख्या चाळीस हजारांच्या वर आहे. प्रत्येक भगिनी ही मजूर नव्हे, मालकीण समजली जाते. पहिल्या सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री देऊन गौरवण्यात आले.

या भगिनींची प्रेरणा कोणती म्हणावी? गरज म्हणावी तर देणगी का नाकारली? केवळ स्वाभिमान म्हणावा तर पहाटे उठून पीठ का मळले? खरे असे आहे, की गरज आणि मान या दोन्ही एकाच ताटात बसलेल्या होत्या. घरखर्चाला पैसे हवे होते. पण ते आपल्या हातचे हवे होते.

दुसरा मार्गच नसतो तेव्हा

अर्थशास्त्रज्ञ स्वतंत्र धंदा करणाऱ्यांचे दोन वर्ग पाडतात. एक, संधी दिसली म्हणून धंदा काढणारे. आणि दुसरे, पोटापाण्याचा अन्य मार्गच नाही म्हणून काढणारे. आपल्या देशात दुसरा वर्ग फार मोठा आहे. चौकातील भाजीवाली, हातगाडीवर इस्त्री करणारा, फुटपाथवर चपला शिवणारा, हे सारे स्वतंत्र धंदेवाईकच होत. मात्र त्यांना कोणी 'उद्योजक' म्हणत नाही. इला भट्ट यांनी १९७२ साली अहमदाबादेत स्वाश्रयी स्त्रियांची संघटना, 'सेवा', स्थापन केली, ती या कष्टकरी स्त्रियांच्या अडचणी पाहून. भाजीवालीला सकाळी सावकाराकडून घेतलेले पैसे संध्याकाळी जबर व्याजासह परत करावे लागत. त्यात तिची दिवसभराची कमाई जाई. १९७४ साली या स्त्रियांनी स्वतःची सहकारी बँक काढली. फेरीवाल्यांना संरक्षण देणारा केंद्राचा कायदा २०१४ साली झाला, आणि २०२० साली त्यांच्यासाठी स्वनिधी ही कर्जयोजना सुरू झाली. तिच्यात आरंभी १०,००० रुपयांपर्यंतचे पहिले कर्ज विनातारण मिळत असे.

निरुपायाने केलेला धंदा कमी प्रतीचा असतो, असे मात्र समजू नये. १९४७ साली फाळणीने लक्षावधी कुटुंबे एका रात्रीत निराधार केली. सियालकोटहून अमृतसरच्या निर्वासित छावणीत व तेथून दिल्लीस आलेला धर्मपाल गुलाटी हा चोवीस वर्षांचा तरुण त्यांपैकीच एक. शाळा पाचवीतच सुटलेली. जवळ होते त्यातून ६५० रुपयांना त्याने टांगा विकत घेतला आणि दिल्लीच्या रस्त्यांवर तो हाकू लागला. पण त्या कामात त्याचे मन रमेना. सियालकोटला वडिलांचे मसाल्याचे दुकान होते. मिरची-हळदीची पारख लहानपणापासून हाताला होती. टांगा विकून त्याने करोलबागेत मसाल्याची लहानशी टपरी टाकली. २०१९ साली पद्मभूषण मिळालेले हे गृहस्थ २०२० मध्ये वारले, तोवर त्यांचा पगडीधारी चेहरा मसाल्याच्या डब्यांवरून घरोघर पोचला होता.

टांगाही निरुपायाचा आणि मसालाही निरुपायाचाच. मग एक सुटला व दुसरा वाढला, तो का? कारण दुसऱ्या ठिकाणी गरजेला ज्ञानाची जोड मिळाली. निरुपाय माणसाला कामाला जुंपतो; परंतु कोणत्या कामाला जुंपून घ्यावे, हे त्याला स्वतःच्या कसबाकडे पाहूनच ठरवावे लागते.

काकिनाड्याचा प्रयोग

आता एक शास्त्रीय प्रयोग पाहू. तो आपल्याच देशात झाला, पण सामान्य वाचकांपर्यंत फारसा पोचला नाही. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्‌लेलंड यांनी १९६१ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. काही माणसांना काम अधिक चांगले करून दाखवण्याची, कालच्यापेक्षा आज एक पाऊल पुढे टाकण्याची अंतरीची ओढ असते. या ओढीला त्यांनी 'सिद्धीची प्रेरणा' अशा अर्थाचे नाव दिले. ही माणसे केवळ पैशामागे धावत नाहीत. पैसा त्यांना हवा असतो तो बहुतांशी मोजमाप म्हणून, आपले काम कितपत साधले हे कळावे म्हणून.

ही प्रेरणा ओळखण्यासाठी त्यांनी योजलेला एक खेळ फार बोलका आहे. जमिनीत एक खुंटी रोवलेली असते, आणि खेळणाऱ्याने दुरून तिच्यावर कडी फेकावयाची. किती अंतरावरून फेकावे, हे ज्याचे त्याने ठरवावयाचे. काहीजण खुंटीच्या अगदी जवळ उभे राहतात. तेथून कडे हमखास बसते, पण त्यात पराक्रम नाही. काहीजण फार लांब जातात. तेथून बसले तर नशीब, आणि नाही बसले तरी दोष आपल्याकडे येत नाही. परंतु ज्यांची सिद्धीची प्रेरणा बलवान, ते मधले अंतर निवडतात : जेथून यश कठीण आहे, पण प्रयत्नाने साधण्याजोगे आहे.

ही प्रेरणा जन्मजातच असते, की शिकवता येते? याचा पडताळा पाहण्यासाठी मॅक्‌लेलंड यांनी हैदराबादच्या लघुउद्योग प्रशिक्षण संस्थेच्या सहकार्याने १९६४ साली आंध्र प्रदेशातील काकिनाडा गावच्या व्यापारी-कारखानदारांना काही दिवसांचे शिक्षण दिले. त्यात कडी फेकण्याचा खेळ होता, स्वतःची उद्दिष्टे लिहून काढणे होते, आणि त्यांची प्रगती मोजण्याची सवय लावणे होते. नंतरच्या पाहणीत असे आढळले, की ज्यांनी हे शिक्षण घेतले ते इतरांपेक्षा अधिक प्रमाणात नवे धंदे काढू लागले व असलेले वाढवू लागले. परंपरेने चालत आलेल्या श्रद्धा व चालीरीती त्यांच्या आड आल्या नाहीत, हेही दिसून आले. 'धंदा अमुक जातीच्या रक्तातच असतो' हा आपल्याकडील जुना समज त्यामुळे पुष्कळ ढिला झाला.

मधल्या अंतराचे उत्तम उदाहरण गुजरातेत मिळते. करसनभाई पटेल हे तेथील राज्य सरकारच्या भूगर्भ व खाणकाम खात्याच्या प्रयोगशाळेत नोकरीस होते. १९६९ साली त्यांनी घरामागच्या जागेत धुण्याची पावडर तयार करण्यास आरंभ केला आणि सायकलवरून कामावर जाता-येता ती विकली. बाजारातील नावाजलेली पावडर मध्यमवर्गाला महाग पडे. ते तीन रुपये किलोने देत. नोकरी त्यांनी लगेच सोडली नाही. सुमारे तीन वर्षांनी, गिऱ्हाईक पक्के झाल्यावर, सोडली. पुढे 'निरमा' नावाने तो धंदा केवढा वाढला, हे सर्वांस विदित आहे. खुंटीपासून किती दूर उभे राहावे, हे त्यांनी अचूक ओळखले होते.

घरात विचारावयाचे प्रश्न

वाचकहो, वरील सर्व हकिगती यशाच्या आहेत. प्रामाणिकपणे सांगावयाचे तर येथेच एक धोका आहे. ज्यांचे धंदे बुडाले त्यांची चरित्रे कोणी लिहीत नाही. अपमान होऊन राजीनामा देणारे पुष्कळ असतात; त्या सर्वांच्या किर्लोस्करवाड्या होत नाहीत. म्हणून या उदाहरणांवरून "प्रेरणा असली की यश ठेवलेलेच" असा निष्कर्ष कोणी काढू नये. निष्कर्ष एवढाच निघतो, की प्रेरणा कोणतीही असो, तिचे तोंड केव्हातरी स्वतःकडून गिऱ्हाइकाकडे वळावे लागते. किर्लोस्करांची जखम शेतकऱ्याच्या नांगराकडे वळली, राय यांची तळमळ रुग्णाच्या औषधाकडे वळली, गिरगावच्या भगिनींची गरज चवीकडे आणि शुद्धतेकडे वळली. ज्यांची प्रेरणा स्वतःभोवतीच फिरत राहते, त्यांचे भांडवल लवकर संपते.

तेव्हा घरातील कोणी "नोकरी सोडतो" म्हणाले, तर त्याला लगोलग विरोधही करू नये आणि पेढेही वाटू नयेत. शांतपणे काही गोष्टी विचाराव्या. वरिष्ठांचा राग आला आहे म्हणून हा विचार आला काय? तसे असेल तर दुसरी नोकरी मिळाल्यावरही तो टिकेल काय? धंद्यात वरिष्ठ नसतो हा भ्रम आहे. तेथे प्रत्येक गिऱ्हाईक वरिष्ठ असते. शेजाऱ्याचे दुकान चालले म्हणून आपणही काढावे, असे तर नाही ना? मोकळा वेळ मिळेल अशी कल्पना असेल, तर ती आधीच सोडलेली बरी. पहिली काही वर्षे दुकानदाराला सणावारीही उसंत नसते. आणि झटपट श्रीमंतीची हाव असेल, तर तो कडी फार लांबून फेकणारा खेळाडू समजावा.

याउलट, अमुक वस्तू लोकांना हवी आहे व ती नीट मिळत नाही, हे त्याने स्वतः पाहिले आहे काय? ती देण्याचे कसब त्याच्या अंगी आहे काय? नोकरीत राहून लहान प्रमाणावर आरंभ करता येईल काय? दोन वर्षे नांगर खपला नाही तर घर कशावर चालेल, याचा हिशेब कागदावर मांडला आहे काय? आणि घरातील सर्वांना, विशेषतः जिच्या दागिन्यांकडे शेवटी पाहिले जाते तिला, तो हिशेब दाखवला आहे काय? आपल्याकडे धंद्याचे पहिले भांडवल पुष्कळदा पत्नीच्या पेटीतून येते, परंतु तिचे मत विचारण्याची चाल मात्र अजून पुरती रुजलेली नाही. जोखीम जिची, तिचा सल्लाही हवा.

ही उत्तरे समाधानकारक असतील, तर साहाय्याची साधने आज पूर्वीइतकी दुर्मिळ नाहीत. जिल्हा उद्योग केंद्रे १९७८ सालापासून आहेत; नोंदणी, परवाने आणि कर्जाचे प्रस्ताव यांची माहिती तेथे मिळते. २०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेत लहान धंद्यांना तारणावाचून कर्ज मिळते. त्याच्या 'शिशु' या पहिल्या पायरीची मर्यादा ५०,००० रुपये आहे. मात्र एक गोष्ट विसरू नये. कर्ज हे परत करावयाचे असते, आणि कोणत्याही योजनेच्या अर्जात 'कशासाठी' या रकान्याचे खरे उत्तर अर्जदारालाच भरावे लागते.

सर्वांनीच धंदा काढावा असा आमचा आग्रह नाही. प्रामाणिकपणे केलेली नोकरी हीही देशाची सेवाच होय, आणि प्रत्येक कारखान्याला मालकाइतकीच जिवाभावाच्या कामगारांची गरज असते. परंतु ज्याच्या मनात ही ओढ खरोखर आहे, त्याला केवळ भीतीपोटी अडवून धरणे हेही कुटुंबाच्या हिताचे नव्हे. अडवलेली ओढ पुढे आयुष्यभर किरकिर होऊन घरातच फिरत राहते.

म्हणून, पुन्हा त्या रात्रीच्या ताटांकडे येऊ. मुलीने आपला मनोदय सांगितला आहे आणि सर्वजण गप्प आहेत. अशा वेळी वडिलांनी भांडवलाचा प्रश्न थोडा मागे ठेवावा, आईने ताटे उचलण्याची घाई करू नये, आणि जवळ बसवून घेऊन एवढेच म्हणावे, "बाळ, तुला हे कशासाठी करायचे आहे, ते आम्हांला नीट समजावून सांग." ती जे सांगेल, त्यात तिच्या धंद्याचे निम्मे भवितव्य ऐकू येईल. उरलेले निम्मे कष्टाचे. त्यात घरच्यांनीही हातभार लावावा.